सावत्र आईचे सफरचंद

परीकथा ही बालपणाची वस्तू असून वयाबरोबर ती आपोआप गळून पडते, असे समजण्याचा प्रघात आहे. आमचा अनुभव निराळा आहे. लहानपणी वाचलेल्या कितीतरी बोधकथा, थोरांची चरित्रे आणि क्रमिक पुस्तकांतले धडे आम्ही साफ विसरून गेलो. परंतु काचेच्या पेटीत निजलेली हिमगौरी, पांढऱ्या खड्यांच्या खुणा टाकीत रानात जाणारा हेन्सेल आणि चुलीपुढच्या राखेत झोपणारी ती पोर आज पासष्टी उलटल्यावरही डोळ्यांसमोरून हलत नाहीत. असे का व्हावे, याचा विचार आम्ही पुष्कळ वर्षे करीत आलो आहोत. त्या विचारामागे एक खासगी कारण आहे. ते झाकून ठेवून ग्रिम बंधूंच्या कथांविषयी लिहिणे आमच्या बाबतीत अप्रामाणिकपणाचे ठरेल, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

आम्ही सहा वर्षांचे असताना आमची आई वारली. धाकटी बहीण तेव्हा तीन वर्षांची होती. वडील वसईहून पहाटेच्या गाडीने भाजीच्या टोपल्या घेऊन दादरच्या बाजारात जात आणि दुपार कलल्यावर परतत. घरात दोन लहान मुले, वाडीत शिंपणाचे काम. वर्षभराने वडिलांनी दुसरे लग्न केले. नव्याने घरात आलेल्या त्या बाईंना 'मावशी' म्हणा, असे नातलगांनी आम्हांला शिकवले. ती नात्याने मावशी नव्हती, पण 'आई' हा शब्द रिकामा ठेवायचा होता आणि दुसरा शब्द तोंडावर उच्चारण्यासारखा नव्हता.

तो दुसरा शब्द आम्हांला पुस्तकात भेटला. शाळेच्या कपाटात मुखपृष्ठ गळालेले एक जाडसर मराठी पुस्तक होते. त्यात ग्रिमच्या कथा होत्या. कंदिलाच्या उजेडात आम्ही ते बहिणीला वाचून दाखवत असू आणि मावशी पलीकडे बसून गजऱ्यांसाठी कळ्या ओवीत असे. हिमगौरीची गोष्ट आम्हांला तोंडपाठ होती.

त्याच पावसाळ्यात आम्हांला विषमज्वर झाला. त्या काळी आमच्या वाडीत सफरचंद हे केवळ आजाऱ्याचे फळ होते. एरवी ते कोणी आणीत नसे. मावशी बाजारातून एक सफरचंद घेऊन आली. एका अंगाने ते लाल होते, दुसऱ्या अंगाने फिकट. तिने ते विळीवर चिरले आणि लाल फोड आमच्यापुढे धरली. आम्ही तोंड घट्ट मिटून घेतले. तेव्हा आम्हांला धीर यावा म्हणून तिने फिकट बाजूची फोड स्वतः खाल्ली आणि म्हणाली, "हे बघ, मी खाल्लं. गोड आहे."

ज्यांनी ग्रिमची मूळ कथा वाचली आहे, त्यांना पुढे काय झाले हे सांगावे लागणार नाही. त्या कथेतली राणी हेच करते. सफरचंदाच्या लाल भागातच विष भरलेले असते. पांढरा भाग ती स्वतः खाऊन दाखवते आणि हिमगौरीचा संशय फिटतो. आम्ही भिंतीकडे तोंड फिरवून किंचाळलो की, तू यात विष घातले आहेस. मावशी काही बोलली नाही. तिने फोडी बशीत ठेवल्या आणि वर ताट झाकले.

तिला लिहिता-वाचता येत नव्हते, आणि ओवता ओवता आमच्या वाचनाकडे तिचे लक्षही नसे. काही दिवसांनी बहिणीकडून तिला सारा उलगडा झाला. मग एका संध्याकाळी तिने ती गोष्ट आमच्याकडून मुद्दाम वाचून घेतली. पहिल्यापासून शेवटपर्यंत ती ऐकत राहिली. राणीला तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचायला लावतात इथपर्यंत आम्ही आलो आणि पुस्तक मिटले. तिने एवढेच विचारले, "आणि त्या पोरीचा बाप कुठं होता?"

"पुस्तकात नाही," आम्ही म्हणालो.

साहित्यसमीक्षेची बरीच पुस्तके आम्ही पुढे वाचली. हिमगौरीवर याहून नेमका प्रश्न आमच्या वाचनात आलेला नाही.

ग्रिम बंधू म्हणजे खेडोपाडी हिंडून म्हाताऱ्या शेतकऱ्यांच्या तोंडून कथा टिपून घेणारे दोन प्रेमळ आजोबा, असे चित्र आपल्या मनात असते. ते बरेचसे चुकीचे आहे. याकोबचा जन्म १७८५ चा, विल्हेल्मचा १७८६ चा. पहिला खंड १८१२ च्या नाताळात निघाला तेव्हा दोघांनीही तिशी ओलांडली नव्हती. वडील १७९६ मध्ये गेले, आई १८०८ मध्ये गेली आणि धाकट्या भावंडांचा भार या दोघांवर येऊन पडला. कथा त्यांना मिळाल्या त्या पुष्कळशा कासेल शहरातल्या सुशिक्षित, मध्यमवर्गीय घरांतल्या तरुण मुलींकडून. शेजारच्या व्हिल्ड कुटुंबातील डोर्टशेन ही त्यांपैकी एक. पुढे १८२५ मध्ये विल्हेल्मने तिच्याशीच विवाह केला. कासेलजवळच्या गावातून भाजीपाला विकायला येणारी डोरोथेया फीमान ही शिंप्याची बायको मात्र खरी सांगणारी होती. दुसऱ्या खंडातील कथांमध्ये तिचा मोठा वाटा आहे. (भाजीवाल्यांच्या घरात वाढल्यामुळे असेल, पण या बाईबद्दल आम्हांला विशेष आपुलकी वाटते.)

दुसरा खंड १८१५ मध्ये निघाला. त्यानंतर १८५७ पर्यंत या संग्रहाच्या सात मोठ्या आवृत्त्या झाल्या आणि शेवटच्या आवृत्तीत २०० कथा व १० धर्मकथा होत्या. मधल्या काळात १८२५ मध्ये ५० निवडक कथांची एक छोटी, सचित्र आवृत्ती निघाली आणि खऱ्या अर्थाने तीच घरोघर गेली. पहिली आवृत्ती मुख्यतः अभ्यासकांसाठी होती. तिच्यात टिपा होत्या, चित्रे नव्हती. लोक मात्र ती मुलांसाठी विकत घेऊ लागले आणि मग तक्रारी सुरू झाल्या. तेव्हापासून विल्हेल्मने कथांवर हात फिरवायला आरंभ केला. भाषा गोड केली, प्रार्थना आणि देवाचे नाव वाढवले, अवघडलेल्या जागा पुसल्या. मनोऱ्यातली रापुन्झेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले असे भाबडेपणाने विचारते, ते वाक्य नाहीसे झाले. मुले खाटीकखाना-खाटीकखाना खेळतात आणि त्यात एकाचा जीव जातो, ती भयंकर कथा सबंध वगळली गेली. ती वगळली याचे आम्हांला दुःख नाही.

आमच्या दृष्टीने मोठा बदल वेगळाच आहे. १८१२ च्या हिमगौरीत सावत्र आई नाही. बर्फ पडत असताना खिडकीशी शिवत बसलेली, बोटाला सुई टोचल्यावर बर्फासारखे गोरे आणि रक्तासारखे लाल मूल व्हावे म्हणून इच्छा करणारी राणी, आणि सात वर्षांनी त्याच मुलीचे काळीज खायला मागणारी राणी या दोन स्त्रिया नाहीत. ती एकच आहे. ती हिमगौरीची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत विल्हेल्मने तिथे दोन वाक्ये घातली. पहिल्यात मूल जन्मताच राणी मरते. दुसऱ्यात वर्षभराने राजा नवी राणी आणतो. एका वाक्यात एक बाई गेली, पुढच्या वाक्यात दुसरी आली, आणि सगळे पाप त्या दुसरीच्या पदरात पडले. राजा एवढे एक लग्न करतो आणि कथेतून नाहीसा होतो.

हेन्सेल आणि ग्रेटेलच्या बाबतीतही तेच घडले, फक्त जरा उशिरा. लाकूडतोड्याच्या घरात खायला उरलेले नाही, म्हणून मुलांना रानात सोडून येऊ असे सुचवते ती पहिल्या आवृत्तीत त्यांची आईच आहे. १८४० च्या चौथ्या आवृत्तीत ती सावत्र झाली. देशात महागाई आणि दुष्काळ पडला होता हे कारणही नंतरच्या आवृत्त्यांत अधिक ठसठशीत झाले. म्हणजे आईबापांच्या निष्ठुरपणाला सबब मिळत गेली आणि उरलेला निष्ठुरपणा परक्या बाईच्या नावावर जमा झाला.

असे का केले असावे? हार्वर्ड विद्यापीठातील अभ्यासक मारिया टाटार यांनी १९८७ च्या आपल्या ग्रंथात या बदलांचा साक्षेपाने मागोवा घेतला आहे. आईपणाचे पावित्र्य राखण्याची विल्हेल्मची धडपड त्यामागे होती, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यात तथ्य आहे. त्या काळी बाळंतपणात स्त्रिया वारंवार दगावत आणि सावत्र आई हे घरोघरचे वास्तव होते, हेही खरे. आम्हांला एक भाबडी शंका येते, तिला पुरावा नाही: ज्या मुलाने बावीस-तेविसाव्या वर्षी आपली आई गमावली, त्याला आईच्या तोंडी ते शब्द छापणे जड गेले असेल. तसे असेल तर आम्ही त्याला दोष देऊ शकत नाही. आमच्याही घरात 'आई' हा शब्द असाच जपून रिकामा ठेवलेला होता. पण एका शब्दाचे पावित्र्य राखताना दुसऱ्या शब्दाला किती किंमत द्यावी लागली, हे त्याच्या लक्षात आले नाही.

आपल्या भाषेत तर तो शब्द जन्मतःच दुर्दैवी आहे. 'सावत्र' हा 'सवत' या शब्दाचाच भाऊबंद. म्हणजे मुलाच्या नव्या आईला आपण मुलाशी असलेल्या नात्याने ओळखतच नाही. मेलेल्या बाईची प्रतिस्पर्धी म्हणून ओळखतो. जर्मन भाषेतले 'श्टीफ' हे उपपद मुळात पोरके होणे, हिरावले जाणे या अर्थाचे होते. इंग्रजीतल्या 'स्टेप' चेही तसेच. त्या शब्दांची सुरुवात पोरक्या मुलापासून झाली, आपल्या शब्दाची सवतीमत्सरापासून. ध्रुवाला बापाच्या मांडीवरून खाली उतरवणारी सुरुची आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. ती मांडी ज्याची होती, त्या राजाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. आमच्या मावशीचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

१९७६ मध्ये ब्रूनो बेटेलहाइम या मनोवैज्ञानिकाचे परीकथांवरील पुस्तक आले आणि ते अतोनात गाजले. पुढे त्याच्या निधनानंतर, १९९० नंतर, त्याच्या लेखनाच्या आणि वर्तनाच्या प्रामाणिकपणाविषयी बरेच वाद झाले. त्यांत आम्ही शिरत नाही. त्याचे म्हणणे असे, की मुलाला आपल्याच आईचा राग येतो, पण प्रेमळ आईवर रागावणे त्याला झेपत नाही. परीकथा आईचे दोन भाग करून देते. चांगली आई स्वर्गात जाते, रागावणारी आई सावत्र होऊन घरात उरते, आणि मुलाला अपराधी न वाटता तिचा मनसोक्त द्वेष करता येतो. हा विचार चतुर आहे आणि पुष्कळ मुलांच्या बाबतीत खराही असेल. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे. हे औषध लागू पडण्यासाठी मुलाच्या घरात सख्खी आई जिवंत असावी लागते. गोष्ट संपल्यावर दिवा मालवून पांघरूण घालायला तीच येते आणि राक्षसीण हवेत विरून जाते. ज्या घरात पांघरूण घालायला सावत्र आईच येणार असते, तिथे काय होते? तिथे ती प्रतीक राहत नाही. ती विळीवर सफरचंद चिरत असते. बेटेलहाइमच्या ग्रंथात आम्हांला हे मूल कुठे सापडले नाही.

मग सोपा उपाय असा, की या कथा मुलांना सांगूच नयेत, किंवा साफसूफ करून सांगाव्यात. आज बाजारात मिळणाऱ्या रंगीत पुस्तकांनी तोच मार्ग धरला आहे. आमचा त्याला विरोध आहे, आणि विरोधाचे कारण आमचेच बालपण आहे. साफसफाई करणारे नेमके काय काढतात ते पाहावे. १९३७ मध्ये डिस्नेने हिमगौरीवर चित्रपट काढला. त्यातून तापलेले जोडे गेले, राणी कड्यावरून कोसळून मरते. सावत्र आई मात्र जशीच्या तशी राहिली, किंबहुना अधिकच देखणी आणि भीतिदायक झाली. म्हणजे मुलांना बाधेल म्हणून शिक्षा वगळली आणि ज्याने खरी बाधा झाली ते तसेच ठेवले. भयंकर प्रसंगांनी मुलांचे नुकसान होते असे आम्हांला वाटत नाही. चेटकीण भट्टीत ढकलली जाते तेव्हा आमची बहीण टाळ्या वाजवीत असे आणि नंतर गाढ झोपत असे.

चेस्टरटन या इंग्रज लेखकाने, तो कॅथलिक होण्याच्या पुष्कळ आधी, १९०९ च्या एका निबंधसंग्रहात याविषयी एक मार्मिक मुद्दा मांडला होता. मुलाला भीतीची ओळख परीकथा करून देत नाही, ती त्याला आधीच ठाऊक असते, अंधारात पहिल्या दिवसापासून. परीकथा फक्त त्या अक्राळविक्राळ भीतीला मारणारा कोणीतरी पुरवते. आम्ही याला दुजोरा देतो. आई गेल्यानंतरच्या वर्षात रात्री जी भीती आमच्या छातीवर बसत असे, तिला आकार नव्हता. तिला शेवटही नव्हता. ग्रिमने तिला नाक, डोळे, झाडू आणि घर दिले, आणि मग ती भट्टीत जळूही शकली.

आणि त्या पुस्तकात भीतीच तेवढी होती असे नाही. ज्या राखेतल्या मुलीला आपण सिंड्रेला म्हणतो, तिची फ्रान्समधल्या पेरोने १६९७ मध्ये सांगितलेली कथाच जगभर पसरली. भोपळ्याची बग्गी, काचेचा जोडा, छडी फिरवणारी परी, सारे पेरोचे. ग्रिमकडे परी नाही. (परीकथा म्हणून आपण ज्या वाचतो त्यांपैकी बहुतेकींत परी नसतेच.) तिथे एक थडगे आहे. बाप जत्रेला जाताना मुलींना विचारतो की काय आणू. सावत्र बहिणी वस्त्रे आणि मोती मागतात. ही मागते ती परतीच्या वाटेवर त्याच्या टोपीला लागेल ती पहिली डहाळी. ती डहाळी ती आईच्या थडग्यावर लावते आणि आसवांनी शिंपते. तिचे झाड होते. दिवसातून तीनदा ती त्या झाडाखाली जाऊन रडते आणि प्रार्थना करते. झाडावर एक पांढरा पक्षी येऊन बसतो आणि ती मागेल ते खाली टाकतो. राजवाड्यात नेसून जायची वस्त्रे त्या झाडावरून येतात. म्हणजे मेलेली आई मुलीला पाठवणीचे कपडे देते.

मृतांच्या महिन्यात, नोव्हेंबरात, आम्ही वडिलांबरोबर दफनभूमीत मेणबत्त्या लावायला जात असू. आमच्या आईच्या क्रुसाशेजारी झाड नव्हते. आम्ही बहिणीच्या मदतीने एक जास्वंदीची फांदी लावली. ती जगली नाही. पण लावावीशी वाटली, हे आम्हांला आजही त्या कथेचे मोठे ऋण वाटते. मेलेल्या माणसांशी आपला संबंध संपत नाही हे प्रवचनात आम्ही ऐकत होतो. त्यासाठी हाताने काय करायचे ते मात्र ग्रिमने सांगितले.

टोल्किनने १९३९ मध्ये स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठात परीकथांवर एक व्याख्यान दिले. त्याने ठासून सांगितले की, परीकथा मुलांच्या खोलीत जाऊन पडल्या त्या मुलांसाठी असतात म्हणून नव्हे. घरातले जुने, मोठ्यांना नकोसे झालेले सामान जसे मुलांच्या खोलीत टाकतात तशा त्या तिथे टाकल्या गेल्या. सारे संपले असे वाटत असताना अचानक येणारी शुभ कलाटणी हा त्याच्या मते परीकथेचा प्राण आहे, आणि शुभवर्तमान ही अशी सर्वांत मोठी कथा आहे. हे सगळे मोठ्या तत्त्वज्ञानाच्या पातळीवर चालते आणि आमच्या वाचकांपैकी अनेकांना ते परिचित असेल. आमचे लक्ष दुसरीकडे जाते. टोल्किन चार वर्षांचा असताना त्याचे वडील गेले, बाराव्या वर्षी आई गेली. बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन या धर्मगुरूंनी पालक होऊन त्याला व त्याच्या भावाला वाढवले. रक्ताचे नाते नसलेल्या माणसाच्या हातून वाढलेले हे मूल. शुभ कलाटणी म्हणजे काय हे त्याला केवळ ग्रंथांतून कळले नसावे.

ग्रिममध्येही असे दुसरे हात आहेत, पण तिकडे आपले लक्ष जात नाही. विहिरीत पडलेली मुलगी होले नावाच्या म्हातारीच्या घरी पोहोचते. म्हातारीचे लांब दात पाहून ती भिते, पण त्या घरात तिला एक शब्दही वाईट ऐकावा लागत नाही आणि रोज पोटभर जेवायला मिळते. आणि संग्रहातली तिसरीच कथा घ्या. गरीब लाकूडतोड्याला आपली तीन वर्षांची मुलगी पोसता येत नाही. रानात त्याला साक्षात मरियामाता भेटते आणि ती मुलीला स्वर्गात घेऊन जाते. ग्रिम बंधू प्रोटेस्टंट, त्यांचा एक पूर्वज धर्मोपदेशक. तरी त्यांनी ही कथा संग्रहाच्या आरंभी ठेवली. मरियामाता मुलीला तेरा किल्ल्या देते आणि तेरावे दार उघडू नकोस म्हणून बजावते. मुलगी ते उघडते, आतल्या पवित्र त्रैक्याच्या तेजाला बोट लावते, बोट सोन्याचे होते, आणि ती तीन वेळा खोटे बोलते. मग वाचा जाते, रान येते, राणीपद येते, पोटची मुले नाहीशी होतात, चिता रचली जाते. ज्वाळांत उभी असताना ती कबूल करते, आणि पाऊस पडतो.

ही कथा गोड नाही. यातली पालक आई कडक आहे, काही वाचकांना क्रूरही वाटेल. आम्हांला ती सबंध संग्रहातली सर्वांत अवघड कथा वाटते आणि कलादृष्ट्या सर्वांत सफल वाटत नाही. शिक्षेचे पारडे फार जड झाले आहे. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. जन्म न दिलेल्या आईला इथे मुलीवर रागावण्याचा अधिकार आहे, आणि त्या रागामुळे ती चेटकीण ठरत नाही. आमच्या मावशीला तो अधिकार कोणी दिला नव्हता. ती आमच्यावर ओरडली की शेजारच्या बायका एकमेकींकडे पाहत. म्हणून ती ओरडतच नसे. आमच्या घरातल्या अल्तारावर पवित्र कुटुंबाची तसबीर होती. त्या तसबिरीतला बाप हा पालकपिता आहे हे सगळ्यांना माहीत होते आणि त्याबद्दल त्याचा सन्मानच होत होता. तिच्याच खाली उभी राहून मावशी रोज संध्याकाळी दिवा लावी.

२०१४ मध्ये जॅक झाइप्स यांनी १८१२ व १८१५ च्या पहिल्या आवृत्तीचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. ते वाचून आम्ही हेन्सेल आणि ग्रेटेलकडे पुन्हा वळलो. शेवटी मुले चेटकिणीचे जवाहीर घेऊन घरी येतात तेव्हा आई मेलेली असते. ती सावत्र असेल तर हा न्याय ठरतो, आणि न्याय झाला की गोष्ट विसरता येते. ती सख्खी असेल तर मात्र मुले ज्या दारातून आत येतात त्या दारात आनंद आणि शोक दोन्ही उभे असतात. भुकेने एका बाईला कुठल्या थराला नेले, आणि मुले जगली पण ती जगली नाही, हे त्या वाक्यात आहे. आमच्या मते १८१२ चा पाठ अधिक खरा आणि अधिक दयाळूही आहे. ज्याला विल्हेल्मने सौम्य करणे म्हटले असते, त्याने कथा कठोर झाली.

याच शोधात आम्हांला आणखी एक माहिती मिळाली. पहिल्या खंडाच्याही आधी, १८१० मध्ये, ग्रिम बंधूंनी आपल्या हस्तलिखित कथा क्लेमेन्स ब्रेन्टानो या कवीकडे पाठवल्या होत्या. पुस्तक छापल्यावर त्यांनी स्वतःजवळचे खर्डे नष्ट केले. ब्रेन्टानोकडचे कागद मात्र वाचले. ते आल्सेसमधील ओलेनबर्ग येथल्या ट्रॅपिस्ट मठात पोहोचले आणि विसाव्या शतकात उजेडात आले. मौनव्रती संन्याशांच्या कपाटात या कथा इतकी वर्षे पडून होत्या, ही कल्पना आम्हांला फार आवडते. त्यांत हिमगौरीचा सर्वांत जुना खर्डा आहे. राणी इथेही सख्खी आई. राजा लढाईवर गेलेला असताना ती मुलीला गाडीतून रानात नेते आणि गुलाब तोडायला खाली उतरवून निघून जाते. पुढे बुटके येतात, सफरचंद येते, काचेची पेटी येते. पण त्या पेटीपाशी परका राजपुत्र येत नाही. तिथे येतो तो हिमगौरीचा बाप. लढाईवरून परतताना तो त्या रानातून जातो, पेटीतल्या मुलीला ओळखतो आणि शोक करू लागतो. त्याच्याबरोबर निष्णात वैद्य असतात. ते खोलीच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या बांधतात आणि मुलगी जिवंत होते. मग बाप तिला घरी नेतो.

म्हणजे पुस्तकात बाप होता. दोन वर्षांत तो छपाईच्या वाटेवर गळला. वडील मुलांना सोडून गेले, आई सावत्र झाली आणि मग दोनशे वर्षे सगळ्या मुलांनी एकाच बाईला दोष दिला.

मावशी त्या वेळी ऐंशीच्या उंबरठ्यावर होती. आम्ही तिला केव्हापासून 'आई' म्हणू लागलो, ते आता नीट आठवत नाही. बहिणीच्या लग्नाच्या सुमारास असावे. सफरचंदाचा विषय आमच्यात त्यानंतर कधी निघाला नव्हता. हस्तलिखिताची हकीकत वाचली त्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर आम्ही तिच्यापाशी बसलो आणि सांगितले, की पहिल्यांदा लिहिली तेव्हा ती राणी पोरीची सख्खी आईच होती. नंतर कोणीतरी तिला सावत्र केले.

"असं होय," ती म्हणाली. तिला त्याचे विशेष काही वाटलेले दिसले नाही.

मग आम्ही म्हणालो, "आणि बापही होता. लढाईवर गेला होता. शेवटी तोच येऊन तिला घरी नेतो."

ती थोडा वेळ गप्प राहिली. वडिलांना जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती. "उशिराच आला म्हणायचा," ती म्हणाली, आणि हसली. नंतर तिने सबंध गोष्ट पुन्हा सांगायला लावली. गाडी, गुलाब, बुटके, सफरचंद, सारे ऐकून घेतले. बाकी सगळे तिला पटले. वैद्यांनी खोलीच्या चार कोपऱ्यांना दोऱ्या कशासाठी बांधल्या, हे मात्र आम्ही तिला काही केल्या समजावू शकलो नाही.